खंडेनवमीला उरलेलं टोपण

बाळांनो,

गेल्या रविवारी तुमच्या बाबांनी फोनवर सांगितलं की आतल्या खोलीतला जुना कॉम्प्युटर आता भंगारवाल्याला देऊन टाक. आमची बिल्डिंग पाडून नवी बांधायची ठरली आहे. सगळ्यांना घरं रिकामी करायची आहेत आणि मी रोज एक कपाट असं आवरत चालले आहे. कॉम्प्युटर द्यायला माझी हरकत नाही. पण तो गेला की त्याच्याबद्दल सांगायचं निमित्तही जाईल, म्हणून आधी हे लिहून काढते.

धाकटी म्हणाली होती, आजी, इंग्रजीत लिही, आम्हाला पटकन वाचता येईल. इंग्रजी मला येतं. कॉलेजच्या ग्रंथालयात मी वीस वर्षं इंग्रजी पुस्तकांच्याच नोंदी केल्या. पण तुमच्या पणजीचं बोलणं माझ्या हातून इंग्रजीत उतरत नाही. तेव्हा बाबांकडून वाचून घ्या. यात मी त्यांच्याशी खोटं बोलल्याचं येतं, तेवढं मात्र त्यांना गाळू देऊ नका.

तुमची पणजी म्हणजे माझ्या सासूबाई. त्या नामपूरच्या, कांद्याच्या व्यापाऱ्याच्या घरातल्या. लग्न होऊन नाशकात आल्या त्याला साठ वर्षं होऊन गेली होती, तरी दचकल्या किंवा नवल वाटलं की तोंडून अहिराणीच निघायची. त्या न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा मी मुदतीआधी नोकरी सोडली. पुढच्याच वर्षी तुमचे आजोबा गेले. आणखी दीड वर्षानं तुमचे बाबा अमेरिकेला गेले. मग तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये, आम्ही दोघी उरलो. एकीचा मुलगा गेलेला, दुसरीचा नवरा. माणूस तोच, पण त्याच्याबद्दल आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो.

सासूबाई खाटेवरून उठू शकत नव्हत्या आणि मी घराबाहेर पडू शकत नव्हते. सकाळी कामाच्या बाई येत, तेवढा पाऊण तास माझा. त्यात मी भाजी, औषधं, पोस्ट, बँक सगळं उरकायची. कॉलेज रोडच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत, हे माझं जग. उशीर झाला की जिन्यातच देवघरातल्या घंटेचा आवाज ऐकू यायचा. ती घंटा सासूबाईंनी उशाशी ठेवली होती. गॅलरीला आजोबांनी लोखंडी जाळी बसवून घेतली होती, चोरांसाठी. मी दुपारी त्या जाळीशी उभी राहून खालून जाणाऱ्या स्कूटर बघायची आणि मनात म्हणायची, चोराला आत यायचं असतं का खरंच?

कॉम्प्युटर तुमच्या बाबांचा, कॉलेजात असतानाचा. जाताना त्यांनी मला ईमेल करायला शिकवलं आणि खोक्याच्या बाजूला कागद चिकटवला, 'आई, हे उघडायचं नाही.' तो कागद उगाच नव्हता. आवरायची माझी खोड घरात सगळ्यांना माहीत होती. आजोबा ओझरच्या विमानांच्या कारखान्यात होते. ते म्हणायचे, हिच्या हाती विमान दिलं तर ही ते घासूनपुसून चकचकीत करील, वर दोन स्क्रू वाचवून आणील.

आजोबांची खंडेनवमी मोठी असायची. कारखान्यातली सवय. आदल्या दिवशी घरातलं प्रत्येक यंत्र ते उघडायचे, शिलाई मशीन, मिक्सर, टेबलफॅन, स्कूटर. ब्रशनं झाडायचे, तेलाचा थेंब द्यायचे, पुन्हा बंद करायचे आणि खंडेनवमीला त्यावर हळदकुंकू, झेंडूचं फूल. नुसतं वरून फूल वाहणं त्यांना पटत नव्हतं. म्हणायचे, मळलेल्या देवाला गंध लावतो का आपण? ते गेल्यावर हे काम मी चालू ठेवलं. त्यांचा पेचकस, त्यांचा ब्रश आणि त्यांचा नियम, की शेवटी ताटलीत काही उरता कामा नये.

थोरल्या, तू श्रावणात जन्मलास. त्या वर्षी खंडेनवमीला मिक्सर झाला, मशीन झालं आणि माझी नजर कॉम्प्युटरवर गेली. तो खाटेच्या पलीकडे पडद्याआड होता. यंत्र तर यंत्रच. मी पडदा ओढून घेतला, कागद अलगद सोडवला, स्क्रू काढले. आत धुळीची गादी होती. ब्रशनं सगळं झाडलं, तारांच्या रुंद चपट्या पट्ट्यांखालून फडकं फिरवलं, बाहेरून हळदकुंकू लावलं आणि बंद केलं. चालू करून पाहिला, चालला. मग ताटलीकडे पाहिलं तर एक काळं टोपण उरलेलं. तांदळाच्या दोन दाण्यांएवढं, एका अंगाला दोन भोकं. कुठून पडलं कळेना. चालतंय म्हणजे महत्त्वाचं नसेल, असं मी ठरवलं आणि हाताशी होता त्या बटणांच्या डब्यात ते टाकलं. कागद परत होता तसा चिकटवला.

आता सोन्याच्या फुलांचं सांगते, कारण सगळं त्यावर अडलं होतं. आपल्याकडे बाईनं पणतवाचं तोंड पाहिलं की तिच्यावर सोन्याची फुलं उधळतात. पणतू पाहिलेल्या माणसाची पुढची वाट मोकळी, असं मानतात. तुझ्या जन्माची बातमी आली त्याच आठवड्यात सासूबाईंनी कानातल्या कुड्या काढून माझ्या हातात दिल्या. सराफ बाजारातून मी त्यांची पाच फुलं करून आणली, मेथीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. ती डबीत घालून त्यांनी उशीखाली ठेवली.

पण तू सात समुद्रांपलीकडे. बाबांनी पोस्टानं फोटो पाठवला तो सासूबाईंनी बाजूला ठेवला. म्हणाल्या, "भिंतीवर माझ्या मुलाचाही फोटो आहे. तो बघतो का माझ्याकडे? पोरानं माझ्याकडे बघितलं पाहिजे, डोळा हलला पाहिजे. मग मी मानीन." हा नियम कुठल्या पोथीतला ते मी विचारलं नाही. बाबांना कळवलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, पणजीला सांग, डोळा हलवून पाठवतो. त्यांनी नवीन कॅमेऱ्यावर तुझं चार मिनिटांचं चित्रण केलं आणि सीडी पोस्टात टाकली.

घाईचं कारण सासूबाईंचे डोळे. त्यांना काचबिंदू होता. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, नळीतून पाहिल्यासारखं दिसतंय, नळी अरुंद होत जाणार, गेलेलं परत येणार नाही. सासूबाईंनी त्याचं आपलं माप काढलं होतं. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. सकाळी उठल्यावर त्या न हलता एका तारखेवर नजर ठेवायच्या आणि शेजारच्या किती तारखा दिसतात ते मला सांगायच्या. गणपतीत अख्खा आठवडा दिसत होता. दसऱ्याला चार दिवस. दिवाळी झाली आणि सीडी आली, तेव्हा तीन.

मी सीडी घातली. तबक बाहेर आलं, सीडी घेऊन आत गेलं, हिरवा दिवाही लागला. पण पडद्यावर जिथे सीडीची खूण असायची तिथे काहीच नव्हतं. सी होतं, त्याच्यापुढचं डी नाहीसं झालं होतं. बंद करून चालू केलं. नाही. सासूबाई मान वळवून ऐकत होत्या. म्हणाल्या, "खातंय तर खरं. मग बोलत का नाही?"

रविवारी बाबांचा फोन आला. कॉम्प्युटर चालू होताना काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात, ती त्यांनी मला वाचायला सांगितली. घरात कोण कोण आहे याची ती हजेरी असते. मी स्पष्ट उच्चारात वाचून दाखवलं: पहिल्या जागी हार्ड डिस्क हजर, तिच्या जोडीच्या जागी कोणी नाही. सीडीचं यंत्र त्या जोडीच्या जागी असायला हवं होतं. बाबांनी विचारलं, "आई, तू उघडलं होतंस का?"

मी म्हणाले, "छे. कागद तसाच आहे."

तोंडून निघून गेलं. कागद तसाच होता हे खरंच होतं, म्हणून तर ते इतकं सहज निघालं. रिसीव्हर ठेवला तेव्हा मला ते टोपण आठवलं. पुन्हा फोन करून सांगावं, तर बाबा हसले असते आणि सोडून दिलं असतं. पण सासूबाई पाच फुटांवर होत्या. आयुष्यभर त्यांचं माझ्याबद्दल एक मत होतं, की शिकलेली सून फार नीटनेटकी असते आणि त्या नीटनेटकेपणात माणसाचं काय होतं ते तिला दिसत नाही. त्यांच्या पणतवाची वाट मी ब्रशनं झाडून बंद केली, हे मला त्यांना सांगवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर मी गुपचूप पुन्हा उघडून पाहिलं. आत पिनांच्या जोड्या इतक्या होत्या की टोपण कुठेही बसलं असतं. चुकीच्या जागी बसवून उरलेलंही बंद पडलं तर? मी झाकण लावलं.

मग मी एका दुरुस्तीवाल्यांना बोलावलं. पन्नाशीचे गृहस्थ, भद्रकालीत त्यांचं रेडिओ आणि टीव्हीचं जुनं दुकान होतं, आता कॉम्प्युटरही करायचे. तीन जिने चढून आले, सासूबाईंना सलाम केला, खोका उघडला. पट्टी काढून घातली, सीडीच्या यंत्रामागचं काहीतरी तपासलं, पुन्हा चालू केलं. नाही. मग त्यांनी विचारलं, "मॅडम, कुणी खोललं होतं का हे?"

मी नाही म्हणाले. दुसऱ्यांदा खोटं बोलणं पहिल्यापेक्षा सोपं असतं.

"तसं नाही हो होत," ते म्हणाले. "मशीन आपण होऊन काही विसरत नाही. माणूस विसरतो."

"आमच्या घरात दोनच माणसं," खाटेवरून सासूबाई म्हणाल्या. "एकीला उठता येत नाही आणि दुसरी काही विसरत नाही."

ते हसले. मीही हसले असेन.

आठ दिवसांनी ते दुसरं सीडीचं यंत्र घेऊन आले. तेही तबक बाहेर काढायचं, दिवा लावायचं आणि हजेरीत नसायचं. बोर्डावर पट्टी जोडायच्या दुसऱ्या जागेतल्या पिना आधीपासून वाकलेल्या होत्या, त्यामुळे ती वाटही बंद. हार्ड डिस्ककडे त्यांनी पाहिलंच नाही. का पाहावं? ती चालू होती, आणि मी शपथेवर सांगितल्यासारखं सांगितलं होतं की कुणी हात लावलेला नाही. जाताना ते म्हणाले, बोर्ड गेला असणार आणि इतका जुना बोर्ड आता मिळायचा नाही. खालच्या मजल्यावरच्यांकडे सिनेमे बघायचं यंत्र होतं, त्यात सीडी घालून पाहिली, तर टीव्हीवर 'डिस्क नाही' अशी अक्षरं आली. टीव्हीवर चालेल अशी दुसरी करून पाठवतो, असं बाबा म्हणाले. पण घरात तान्हं मूल असलेल्या माणसाला सवड कधी होणार ते दिसतच होतं.

त्या महिनाभरात घर मला फार लहान झालं. सीडी कॉम्प्युटरजवळ ठेवली होती. चार मिनिटांचा तू त्यात होतास, उजेडात धरली की तिच्यावर रंग फिरायचे आणि त्यापलीकडे काही नाही. सकाळी सासूबाई तारखा सांगायच्या. तीन. अडीच. दोन. मी फक्त हुं म्हणायची. पाऊण तासासाठी बाहेर पडले तरी कानात तेच आकडे असायचे.

एके दिवशी अंग पुसून देताना त्या म्हणाल्या, "फुलं पडली की मी मोकळी. आणि तू पण."

"असं काय बोलता?" मी म्हणाले.

"बरोबरच बोलते. तुला माझ्यापेक्षा जास्त घाई आहे त्या सीडीची."

मी टॉवेल पिळत राहिले. हे मी तुम्हाला लिहावं की नाही याचा दोन दिवस विचार केला. त्या बोलल्या त्यात खोटं काही नव्हतं. ती सीडी लागावी असं मला वाटायचं तेव्हा मला नेमकं काय हवं असायचं, हे माझं मलाच विचारायची भीती वाटायची. त्यांना पणतू दिसावा, हे तर होतंच. पण त्याच्यामागे आणखी एक दार होतं आणि ते मी उघडून बघत नव्हते. म्हणूनही असेल, टोपणाचं सांगायला माझी जीभ रेटत नव्हती. सांगितलं नाही तर मी चोर. सांगितलं, सीडी लागली, फुलं उधळली आणि पुढे खरंच काही झालं, तर मी कोण?

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी सकाळी त्या म्हणाल्या, "आज एकच तारीख दिसते. तीही कडेनं खाल्लेली."

त्या दुपारी त्यांच्या झंपरचं बटण तुटलं. मी लावून देते म्हणाले, तर नको, मीच निवडते, डबा दे. गॅसवर दूध होतं. मी डबा त्यांच्या पोटावर ठेवला आणि स्वयंपाकघरात पळाले. डबा देताना मला आठवलं नाही. निदान आजवर मी स्वतःला तसंच सांगत आले आहे.

दूध उतरवत होते तेवढ्यात घंटा नाही, हाक आली.

"व माय, हाई काय शे?"

मी दारात आले. ते टोपण त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत धरलं होतं आणि अंगठ्याच्या नखानं चाचपत होत्या. "बटण नाही हे. भोकं दोन आहेत, पण आरपार नाहीत."

मी खाटेच्या कडेला बसले आणि सगळं सांगितलं. खंडेनवमी, ब्रश, ताटली, बाबांचा फोन, दुरुस्तीवाले. पाच मिनिटंही लागली नाहीत. एवढ्याशा गोष्टीला मी दीड महिना लावला होता.

सासूबाईंनी टोपण माझ्या तळव्यावर ठेवलं. "मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

"काय ठाऊक आहे?"

"पडदा ओढलास म्हणून काय कानही झाकले जातात? पेचकस फिरत होता. सहा स्क्रू काढलेस आणि लावलेस पाच."

सहावा स्क्रू मी आजोबांच्या हत्यारांच्या पेटीत ठेवला होता. त्याच्या भोकाचा आटा गेला होता.

"मग आई, तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू का नाही बोललीस?"

त्यांनी डब्यात हात घातला आणि बटणं ढवळत राहिल्या. मग म्हणाल्या, "फुलं उधळल्यावर माणसानं राहायचं कशाला? सगळ्यांचं देऊन-घेऊन झालेलं असतं. म्हातारी अजून आहे का, म्हणतात. मला एवढ्यात जायचं नव्हतं. यंत्र बंद आहे तर असू दे म्हटलं, आपण कुठं बंद केलंय?" कॅलेंडरकडे तोंड वळवून म्हणाल्या, "पण आज एकच तारीख दिसली. आता नाही बघितलं तर मग बघायला डोळे नाहीत."

मी भद्रकालीतल्या दुकानात फोन केला. आधी कबूल केलं, मग टोपणाचं वर्णन केलं. दुरुस्तीवाले म्हणाले, "मॅडम, मी आठ दिवस त्या बोर्डाला शिव्या घालत होतो. बिचाऱ्याची माफी मागतो आता." ते टोपण हार्ड डिस्कच्या पाठीमागचं आहे, असं त्यांनी सांगितलं. कुठल्या पिनांवर बसतं त्याचा नकाशा तिच्यावरच्याच लेबलवर छापलेला असतो. उद्या सकाळी येतो म्हणाले. मी ते सासूबाईंना सांगितलं. त्यांनी मान हलवली, उद्या नाही. मग ते म्हणाले, वाचता येतं ना तुम्हाला, मग करा. मात्र आधी भिंतीतली वायर काढा.

मी वायर काढली आणि तो खोका उचलून सासूबाईंच्या खाटेवरच ठेवला, त्यांच्या पायांशी. खिडकीचा उजेड तिथेच चांगला पडत होता. बटणांच्या डब्याचं झाकण त्यांच्या हातात दिलं. मी एकेक स्क्रू काढून त्यात टाकायची आणि त्या मोजायच्या. "पाच," त्या म्हणाल्या. "सहावा तुझा तुला ठाऊक."

हार्ड डिस्क बाहेर सरकवून मी लेबल वाचलं. अक्षरं मुंगीएवढी, सगळी इंग्रजी. दोनदा वाचल्यावर ध्यानात आलं आणि मी ते त्यांना मराठीत सांगितलं. एका पट्टीवर दोन यंत्रं असतात. एक मोठं, दुसरं त्याच्या हाताखालचं. मोठ्याला हे टोपण सांगतं की तुझ्या हाताखाली आणखी कुणी आहे. टोपण पडलं की मोठं समजतं, घरात मी एकटंच. मग धाकटं कितीही हाका मारो, त्याची दाद नाही.

"म्हणजे सासू," त्या म्हणाल्या. "सून घरात राबते आहे आणि सासूला पत्ता नाही."

"हो. तसंच."

"यंत्रच खोटं आहे तुझं. सासूला सगळा पत्ता असतो."

आम्ही दोघी हसलो. त्या घरात एकदम, एकाच गोष्टीवर आम्ही कितीतरी दिवसांनी हसत होतो. चिमट्यानं टोपण त्या दोन पिनांवर बसवलं, ते किंचित अडलं आणि मग आत गेलं. खोका जागेवर नेला, वायर लावली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. पहिली जागा हजर. दुसरी जागा हजर. मी ते मोठ्यानं वाचलं, हजेरी घेतल्यासारखं.

मॉनिटर स्टुलावर ठेवून खाटेला टेकवला. तू पडद्यावर आलास तेव्हा सासूबाईंना आधी काहीच दिसेना. त्यांच्या नळीत तुझ्या दुपट्याचा निळा रंग तेवढा येत होता. त्यांनी चेहरा हळूहळू डावीकडे नेला, मग वर. कान सापडला. मग भुवई. मी सीडी थांबवली, पुन्हा पहिल्यापासून लावली. तिसऱ्या वेळी त्या थबकल्या आणि पुटपुटल्या, "मिळाला."

तू जांभई दिलीस, उचकी दिलीस आणि कॅमेऱ्याच्या मागे उभ्या असलेल्या बाबांकडे पाहिलंस. सासूबाईंचं नाक काचेला टेकलं होतं. "बघतोय," त्या म्हणाल्या. "हालला डोळा."

फुलं उधळायला दारात पाच सवाष्णी, वाजंत्री असं असायला हवं होतं. आम्ही दोघीच, दोघीही विधवा. मी डबी उघडली आणि त्यांच्या डोक्यावरून ती पाच फुलं सोडली. दोन मांडीवर पडली, एक उशीवर, एक जमिनीवर. पाचव्याचा टणकन आवाज आला आणि ते कुठे गेलं कळलं नाही. मी खाटेखाली वाकून शोधत होते तेव्हा वरून आवाज आला, "आता काय करायचं?"

"आता चहा," मी म्हणाले.

त्या गेल्या नाहीत. त्यानंतर तीन वर्षं होत्या. महिन्याभरात कॅलेंडर दिसायचं बंद झालं तरी सकाळी मी त्यांना तारीख सांगायची आणि त्या दुरुस्त करायच्या. माझा पाऊण तास तसाच राहिला, जाळी तशीच राहिली, घंटाही. रोज मला ते आनंदानं झालं असं मी लिहिणार नाही. पण त्या दिवसानंतर मी आजोबांबद्दल बोलायला लागले आणि त्याही. तुम्ही दुसऱ्या हिवाळ्यात आलात, म्हणजे तू आणि आईबाबा, धाकटी अजून व्हायची होती. सासूबाईंनी तुझा चेहरा बोटांनी पाहिला आणि कानावर थांबल्या. कान माझ्या मुलाचा आहे, म्हणाल्या. तू त्यांचा हात झटकलास आणि कॉम्प्युटरचं तबक बाहेर-आत करत बसलास.

बाबांना मी तेव्हा सांगितलं होतं की पट्टी सैल झाली होती. खरं काय ते त्यांना आज, हे तुम्हाला वाचून दाखवताना कळेल.

भंगारवाला उद्या सकाळी येणार आहे. आज मी खोका शेवटचा उघडला, ब्रशनं झाडला आणि हार्ड डिस्कमागचं टोपण काढून घेतलं. सीडीवर बुरशीसारखे डाग आले आहेत, ती आता कुठेच लागत नाही. पाचवं फूल खाट हलवली तेव्हाही मिळालं नाही. बटणांचा डबा माझ्याकडे आहे. त्यात बटणं आहेत, चार सोन्याची फुलं आहेत, दोन तुझी आणि दोन धाकटीची, आणि ते काळं टोपण आहे.